फ्रेमवाल्या काकांची साइट: कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

सकाळी ठाण्यात, नौपाड्यात काकांकडे जाऊन आले. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं फ्रेमचं दुकान. माझं दहावीचं प्रमाणपत्र इथंच काचेत गेलं होतं, त्यामुळे काका मला अजून "अगं"च म्हणतात आणि पैशांचा विषय निघाला की छताकडे बघतात. साइट खरं तर त्यांच्या सुनेला हवी आहे. वहिनींचं म्हणणं सरळ आहे: गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "माउंट लावल्यावर कसं दिसेल हो?" आणि फोनवर ते दाखवता येत नाही. तर फोटो चढवायचा, फ्रेमची पट्टी निवडायची, माउंटचा म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याचा रंग निवडायचा, समोर नमुना दिसायचा. ऑनलाइन विक्री नाही. खाली चौकशीचा फॉर्म, बस.

आजपासून पितृपक्ष. काका म्हणाले, "काम कर खुशाल, पण सुरू दसऱ्याला." म्हणजे २ ऑक्टोबर. दुकानात मात्र या पंधरवड्याची गर्दी वेगळीच. गेलेल्या माणसांचे जुने फोटो नवीन काचेत घालायला लोक रांगेत.

जुनं एक पान आहे, कोणीतरी कधीतरी करून दिलेलं. सगळं टेबलात बसवलेलं आणि जागोजागी सेंटर टॅग, म्हणजे मजकूर मध्यभागी आणायची खूण. हा टॅग जानेवारी १९९७ मध्ये पानं लिहायच्या एचटीएमएल भाषेच्या ३.२ आवृत्तीत अधिकृत झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात एचटीएमएल ४ने त्याला "वापरू नका" म्हणून बाजूला काढला. ब्राउझर तो आजही निमूटपणे चालवतात. पान फेकून द्यायचं ठरलं. फक्त पत्ता आणि दुकानाच्या वेळा उतरवून घेतल्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

वरचा भाग केला. दुकानाचं नाव, खाली एक ओळ, मागे भिंतीचा फोटो. पानाची मांडणी सांगणाऱ्या सीएसएस भाषेत आडवं मध्यभागी आणणं म्हणजे जुनाच डाव: रुंदीवर मर्यादा आणि मार्जिन-इनलाइन: ऑटो, म्हणजे डावी-उजवी मोकळी जागा ब्राउझरनेच सारखी वाटायची. उभं आणायला हेच ऑटो चालत नाही. साध्या ब्लॉकमध्ये, म्हणजे पानावरच्या साध्या डब्यात, वर-खालचं ऑटो मार्जिन शून्य धरलं जातं, नियमच तसा आहे. कॉलेजात असताना या एका गोष्टीवर मी एक रात्र घालवली आहे.

आता त्यासाठी फ्लेक्स किंवा ग्रिड या मांडणीच्या पद्धतीही लागत नाहीत. साध्या ब्लॉकला अलाइन-कंटेंट: सेंटर दिलं की आतला मजकूर उभा मध्यभागी येतो. २०२४च्या मार्च-एप्रिलपासून क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स तिन्हींत आहे. एक ओळ. उरलेला दिवस पट्ट्यांचे फोटो छाटण्यात गेला, ३४ पट्ट्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

नमुन्याच्या चौकटीला हात घातला. बाहेर लाकडाची पट्टी, आत माउंट, त्याच्या आत फोटो. मनात आलं, एकात एक तीन डबे, मधला फोटो ॲब्सोल्यूट (म्हणजे रांग सोडून हव्या त्या जागी), टॉप ५० टक्के, लेफ्ट ५० टक्के, मग ट्रान्सलेट, म्हणजे सरकवणं, उणे ५०, उणे ५०. हाताला सवयच आहे. टॉप आणि लेफ्टची टक्केवारी बाहेरच्या डब्याची, ट्रान्सलेटची टक्केवारी स्वतःच्या आकाराची, म्हणून हे दोन आकडे जुळून वस्तू मध्यभागी बसते.

बसली, पण पानाच्या मध्यभागी. फ्रेम वर डावीकडे आणि फोटो खाली पट्ट्यांच्या यादीवर जाऊन पडलेला. माउंटच्या डब्याला पोझिशन: रिलेटिव्ह द्यायचं विसरले होते. ॲब्सोल्यूट वस्तू वर वर बघत जाते; ज्याला पोझिशन दिलेली आहे असा पहिला वडीलधारा भेटला की त्याचं घर आपलं मानते, आणि कोणीच भेटला नाही तर थेट पानाच्या सुरुवातीच्या चौकटीला जाऊन चिकटते. बाप शेजारी बसलाय आणि पोरगं पणजोबांच्या मांडीवर. रिलेटिव्ह दिलं, आलं घरी.

दुसरी भानगड चहानंतर सापडली. फोटोवर मध्यभागी एक बारीक पट्टी हवी होती: "हा फक्त नमुना आहे". चौकट २८० पिक्सेलची, ओळ जेमतेम १७०ची, तरी ती मोडून दोन ओळींत येत होती. आधी फॉन्टवर संशय घेतला, मग स्वतःवर. कारण साधं निघालं. लेफ्ट ५० टक्के दिलं की त्या वस्तूची डावी कड मध्यावर जाते आणि तिला पसरायला उरतात फक्त उजवीकडचे १४०. रुंदी तिथं ठरते, ट्रान्सलेट नंतर नुसतं सरकवतं. सरकवल्यावर डावीकडे जागा दिसते, पण रुंदी ठरून गेलेली असते.

मग ट्रान्सलेट काढून टाकलं. इनसेट: ० (चारही कडांपासून अंतर शून्य), मार्जिन: ऑटो, रुंदी आणि उंची दोन्ही फिट-कंटेंट, म्हणजे मजकुराएवढी. आता पसरायला पूर्ण २८० मिळतात आणि ओळ एकसंध राहते. शिवाय वहिनींच्या दुकानातल्या जुन्या मॉनिटरवर ट्रान्सलेटमुळे अक्षरं पुसट येत होती, तीही सुधारली. आकार विषम असला की उणे ५० टक्क्यांत अर्धा पिक्सेल येतो, आणि असल्या मॉनिटरला तो अर्धा पिक्सेल नीट काढता येत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नमुना फोनवर घेऊन दुकानात गेले. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पाहिलं आणि म्हणाले, "वरची पट्टी कापताना हात चुकला का तुझा?"

बाजूचा माउंट जाड, वरचा बारीक. मला काल हे दिसलंच नव्हतं. माझा हिशेब असा: फोटो ८ बाय १२ इंच. माउंट बाजूंना आणि वर २ इंच. म्हणजे माउंटचा पूर्ण डबा १२ इंच रुंद, पडद्यावर २४० पिक्सेल, एका इंचाला २० पिक्सेल. बाजूचं पॅडिंग, म्हणजे डब्याच्या आतली मोकळी जागा, १२ पैकी २, म्हणजे १६.६७ टक्के. ४० पिक्सेल, बरोबर. वरचं मी उंचीवर काढलं आणि १२ टक्क्यांच्या आसपास लिहिलं. पण पॅडिंगची टक्केवारी, वरची असो की खालची, सीएसएसमध्ये नेहमी बाहेरच्या डब्याच्या रुंदीवर मोजतात. उंची बहुतेक वेळा आतल्या मजकुरावरून ठरते. वरचं पॅडिंग उंचीवर आणि उंची पॅडिंगवर, असं ठेवलं तर हिशेब गोल गोल फिरत बसेल. तर माझे वरचे ४० झाले २९. अकरा पिक्सेल, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. काकांना ते चष्मा न लावताही दिसलं असतं.

तिथंच उभ्या उभ्या आकडा बदलून दाखवला. चारही बाजूंना आता ४०-४०. मला वाटलं झालं. काका म्हणाले, "आता पडल्यासारखा दिसतोय फोटो."

मग त्यांनी माउंट कापताना दाखवलं. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने पेन्सिलची रेघ, त्यावर लोखंडी पट्टी, आणि कटर ४५ अंशांत तिरका धरून एका दमात ओढायचा. थांबलं की कोपऱ्यात दात पडतो. तिरका कापल्यामुळे आतल्या कडेला पुठ्ठ्याचा पांढरा गाभा दिसतो, तीच ती बारीक पांढरी रेघ. पण मी बघत होते ती खालची बाजू. वर दोन, बाजूंना दोन, खाली अडीच. "सारखं कापलं ना, तर भिंतीवर लावल्यावर फोटो खाली सरकल्यासारखा वाटतो. डोळ्याचा मध्य पट्टीच्या मध्यापेक्षा जरा वर असतो. गिऱ्हाइकाला कळत नाही, पण न केलं तर 'काहीतरी चुकलंय' म्हणून परत आणतं."

म्हणजे गेले दोन दिवस मी ज्या अचूक मध्यासाठी झटत होते, तो या दुकानात चुकीचा मध्य आहे. परत येताना तलावपाळीवर बसून चहा घेतला आणि वहीत लिहिलं: खाली अर्धा इंच जास्त, तो बदलता आला पाहिजे, छोट्या फ्रेमला पाव.

१४ सप्टेंबर, रविवार

काही केलं नाही. ठरवून.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नमुना नव्याने लिहिला. टक्के पूर्ण बंद. काका इंचात बोलतात, तर सीएसएसनेही इंचात बोलावं. सीएसएसचा स्वतःचा इंच आहे, पण तो ९६ पिक्सेलला बांधलेला. मला हवा होता या चौकटीपुरता, लहानमोठा होणारा इंच. सीएसएसच्या आपण ठेवलेल्या व्हेरिएबलांची नावं देवनागरीत चालतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी खरोखर "--इंच" असंच नाव ठेवलं. शेजारी "--रुंदी", "--माउंट", "--खाली". फाइल उघडली की पोटात गुदगुल्या होतात.

इंच काढायचा असा: चौकटीच्या रुंदीचे शंभर भाग, म्हणजे १०० सीक्यूआय, भागिले फ्रेमची एकूण रुंदी इंचात. ८ इंच फोटो, दोन्हीकडचा माउंट ४, दोन्हीकडची पट्टी २, एकूण १४. चौकट २८० पिक्सेल असली तर इंच २०, लॅपटॉपवर ५६० झाली तर इंच ४०. पुढे सगळं गुणाकारात. वरचं पॅडिंग दोन इंच, खालचं अडीच. एकूण उंची १८.५ इंच, म्हणून आस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) १४ भागिले १८.५.

दोन ठिकाणी अडकले. सीक्यूआय हे एकक वस्तूच्या स्वतःच्या रुंदीवर चालत नाही, तिच्या बाहेर जो डबा कंटेनर (मापाचा आधार) म्हणून जाहीर केलेला असेल त्याच्यावर चालतं. मी एकाच डब्याला कंटेनर केलं आणि त्याच्याच पट्टीची जाडी सीक्यूआयमध्ये मागितली. उत्तर पूर्ण पानाच्या हिशेबाने आलं आणि पट्टी हत्तीच्या पायाएवढी झाली. बाहेर एक रिकामा डबा वाढवला, सुटलं. दुसरं, कंटेनर झालेला डबा रुंदी ठरवताना आतल्या मजकुराकडे बघणंच सोडतो. माझा डबा फ्लेक्सच्या रांगेत होता, रुंदी मजकुरावर सोडलेली, त्यामुळे तो शून्य रुंदीचा झाला आणि नमुना गायब. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) चूक म्हणून काहीच येत नाही हे विशेष. फ्लेक्स: १ (उरलेली जागा घे) दिलं तेव्हा उगवला.

ॲब्सोल्यूटही काढलं. माउंट ग्रिड केला, फोटो आणि "हा फक्त नमुना आहे" दोघांना एकाच घरात बसवलं, ग्रिड-एरिया १ भागिले १, आणि बाहेरच्याला प्लेस-आयटम्स: सेंटर. एकावर एक बसतात आणि कोणी कोणाच्या घरातून पळून जात नाही. मार्च २०१७ मध्ये एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम, सफारी तिन्हींत ग्रिड आलं, तेव्हापासून ही सोय आहे. तरी माझा हात अजून ट्रान्सलेटकडे जातो.

कालच सफारी २६ आलं, त्यात अँकर पोझिशनिंग आहे: पट्टीवर बोट ठेवलं की तिच्याच कडेला माहितीचं कार्ड चिकटून उघडायचं, जावास्क्रिप्टशिवाय. मोह झाला. फायरफॉक्समध्ये अजून नाही आणि वहिनींच्या गिऱ्हाइकांकडे जुने फोन. पुढच्या कामाला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बटणं. मला वाटलं होतं अर्धा तास लागेल.

चित्रं ज्या मैत्रिणीने काढून दिली तिने आधी इंग्रजी अक्षरं घालून मांडणी केली होती, आणि शीर्षकात अक्षरांमध्ये दोन पिक्सेल अंतर ठेवलं होतं. तिथं ते छान दिसत होतं. "फ्रेम आणि माउंट" लिहिल्याबरोबर शिरोरेषेचे तुकडे पडले. वरची रेघ सलग असते म्हणून शब्द शब्द दिसतो. लेटर-स्पेसिंग दिलं की दात पडलेलं बोळकं. शिवाय हे अंतर शेवटच्या अक्षरानंतरही जोडलं जातं, त्यामुळे मध्यभागी आणलेला शब्द अंतराच्या निम्म्याने डावीकडे सरकतो. दोन पिक्सेलला एक. काढूनच टाकलं. मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला, तिचं उत्तर आलं, "अरे देवा, हे तर विसरलेच."

मग उभा मध्य. खाली दोन बटणं शेजारी शेजारी: "मागे" आणि "पुढे". दोन्हींना अलाइन-आयटम्स: सेंटर. "पुढे" ठीक, "मागे" वर उचलल्यासारखं. बराच वेळ कोड उलटा-पालटा केला, पण कोडची काही चूक नव्हती. ब्राउझर मध्यभागी आणतो तो ओळीचा डबा. त्या डब्यात फॉन्टने वर वेलांटी, रफार, अनुस्वारासाठी जागा राखलेली असते, खाली उकार आणि जोडाक्षरांसाठी. ती जागा शब्दात काय आहे यावर बदलत नाही. "मागे"ला वर मात्रा, खाली काही नाही. शाई वर गोळा होते. "पुढे"ला वर मात्रा आणि खाली उकार. तोल सांभाळला जातो. "हुक"ला नुसता उकार, तर तो खाली लोंबतो.

मनात आलं, प्रत्येक शब्दाची शाई मोजून त्याला वर-खाली सरकवावं. "मागे" दोन पिक्सेल खाली घेतलं. झालं काय, की दोन शेजारच्या बटणांच्या शिरोरेषा वरखाली झाल्या. ते आधीच्यापेक्षा कितीतरी वाईट. आधी नुसतं खटकत होतं, आता चुकलेलं दिसत होतं.

संध्याकाळी वहिनींना पट्ट्यांची नावं विचारायला फोन केला होता, काका मागून बोलत होते, तर सहज विचारलं: वेगवेगळ्या उंचीच्या फ्रेमा एका ओळीत लावायच्या असतील तर मध्य जुळवता का? म्हणाले, "जिन्यात, दिवाणखान्यात मोठी भिंत असली तर मध्य. अरुंद पॅसेजमध्ये वरची कड एका रेषेत. तिथं माणूस चालत बघत जातो, त्याचा डोळा रेषेवरून सरकतो."

वाचणाराही रेषेवरूनच सरकतो. शिरोरेषा एका पातळीत ठेवली, शब्दागणिक सरकवणं रद्द.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कालचंच उरलेलं. बटणातली छोटी चित्रं, बाण, फोनचं चिन्ह, ही ओळीच्या डब्याच्या मध्याशी जुळतात आणि अक्षरांच्या शेजारी खाली बसल्यासारखी दिसतात. अक्षरं शिरोरेषेला टांगलेली, चित्र मात्र जमिनीवर. चित्राला ०.०६ एमने वर उचललं. पिक्सेलऐवजी एम, म्हणजे अक्षर मोठं झालं की उचलणंही त्या मापात मोठं होईल.

टेक्स्ट-बॉक्स-ट्रिम करून पाहिलं. सफारी १८.२ आणि क्रोम १३३ पासून आहे: ओळीच्या वर-खालची राखीव जागा कापून टाकतं, मग पॅडिंग खरंच दिसतं तेवढंच राहतं. रोमन अक्षरांना अप्रतिम. पण कुठं कापायचं याची मापं आहेत ती कॅपिटल अक्षराची उंची, लहान एक्सची उंची, रोमन तळरेषा. शिरोरेषा हे माप यादीत नाही. फॉन्टची कॅपिटल उंची शिरोरेषेजवळ पडली तर नशीब, आणि पडली तरी वरची वेलांटी पॅडिंगमध्ये घुसतेच. सोडून दिलं. वर १० पिक्सेल, खाली १२ असं पॅडिंग हाताने ठेवलं आणि मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. काकांच्या माउंटसारखंच, खाली जरा जास्त.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

चौकशीचा फॉर्म डायलॉग टॅगमध्ये, म्हणजे पानावर उघडणाऱ्या खिडकीत. शो-मोडल म्हटलं की ब्राउझर तो आपोआप सगळ्यांच्या वर, मध्यभागी आणतो. मार्च २०२२ पासून तिन्ही ब्राउझरांत आहे. माझा उघडला तो डाव्या वरच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. कारण पहिल्या दिवशी मीच लिहिलेली ओळ: सगळ्यांचं मार्जिन शून्य. ब्राउझर डायलॉगला मध्यभागी आणतो तो मार्जिन: ऑटो वापरूनच, आणि माझ्या झाडूने तेही झाडून टाकलं. डायलॉगला मार्जिन: ऑटो परत दिलं.

वहिनींच्या दुकानातल्या संगणकावर आणखी एक. फॉर्म उघडला की मागचं पूर्ण पान किंचित उजवीकडे हलतं, बंद केला की परत. मागचं पान सरकू नये म्हणून ओव्हरफ्लो: हिडन केलं होतं, त्याने उजवीकडची स्क्रोलबार जाते. विंडोजवर ती १५ पिक्सेल जागा खाते. पान मध्यभागी बांधलेलं असल्यामुळे निम्म्याने हलतं, साडेसात. पानाच्या मुळाला स्क्रोलबार-गटर: स्टेबल दिलं, म्हणजे स्क्रोलबारची जागा राखीव. माझ्या लॅपटॉपवर स्क्रोलबार तरंगती असते, म्हणून मला हे इतके दिवस दिसलंच नाही. तपासणी दुकानातच करायची, हा धडा महागात पडला नाही हे नशीब.

२४ सप्टेंबर, बुधवार

वहिनींच्या सासूबाईंच्या फोनवर फॉर्म उघडला. त्यांनी अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. फॉर्मचं शीर्षक आणि "नाव" हा रकाना वर कुठंतरी गेला, आणि कितीही ओढलं तरी खाली येईना. काकू शांतपणे म्हणाल्या, "नाव नाही विचारत का हे? बरंय."

फॉर्मचा मजकूर फ्लेक्सच्या उभ्या रांगेत जस्टिफाय-कंटेंट: सेंटरने मध्यभागी होता. मजकूर डब्याहून उंच झाला की मध्यभागी राहण्याच्या हट्टापायी तो वर आणि खाली सारखाच बाहेर पडतो. खालचं स्क्रोल करून मिळतं. वरचं सुरुवातीच्या कडेपलीकडे गेलेलं असतं, तिथवर स्क्रोल पोचतच नाही. म्हणजे मध्यभागी आणण्याने माहितीच हरवली. यावर "सेफ सेंटर" असा शब्द आहे: जागा असेल तर मध्य, नसेल तर सुरुवातीपासून. मी जुना मार्ग घेतला: जस्टिफाय-कंटेंट काढलं आणि आतल्या एकाच मुलाला मार्जिन-ब्लॉक: ऑटो. जागा उरली तर ऑटो ती वाटून घेतं, जागाच नसली तर शून्य होतं आणि मजकूर वरून सुरू होतो.

फॉर्मची उंची १०० व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) होती, तीही चुकीची. फोनमधल्या ब्राउझरची पत्त्याची पट्टी दिसत असताना व्हीएच ती धरतच नाही, त्यामुळे "पाठवा" हे बटण पट्टीइतकं खाली जातं. १०० डीव्हीएच केलं, ते पट्टी वजा करून उंची धरतं. हे एकक सफारीत मार्च २०२२ ला आणि क्रोममध्ये त्याच वर्षाच्या शेवटी आलं. काकूंचा फोन जुना, म्हणून त्याच्या आधीच्या ओळीत व्हीएच तसंच ठेवलं. ज्याला डीव्हीएच कळत नाही तो आधीची ओळ घेतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

खाली उजवीकडे चिकटून राहणारं फोनचं बटण चिकटेना, पानाबरोबर वर जात होतं. पान उघडताना हळूच सरकत येतं त्यासाठी बाहेरच्या डब्यावर ट्रान्सफॉर्म, म्हणजे सरकवण्याचा नियम, ठेवला होता. ज्याच्या पूर्वजावर ट्रान्सफॉर्म, त्याच्यासाठी फिक्स्ड म्हणजे पडद्याला नव्हे, त्या पूर्वजाला फिक्स्ड. सरकणं काढलं. कोणाला त्याची आठवणही येणार नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

काकांनी दुकानात बसून पूर्ण साइट पाहिली, दीड तास. मध्येच लोखंडी पट्टी काढून फोनच्या काचेवर ठेवून माउंट मोजला. २ आणि अडीचचं प्रमाण बरोबर निघालं, तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मला तेवढं पुरलं.

मग आले "झालेली कामं" या भागावर. २४ फोटो, चौकोनी छोट्या घरांत, ऑब्जेक्ट-फिट: कव्हर, म्हणजे फोटोने घर पूर्ण भरायचं, जास्तीचं कापायचं. एका गृहस्थांचा जुना फोटो, फेटा बांधलेला. चौकोनात बसवताना वरून आणि खालून सारखंच कापलं गेलं आणि फेटा गेला. काका म्हणाले, "यांचा मुलगा बघेल ना हे." मी गप्प.

फोटोचा मध्य म्हणजे माणसाचा मध्य नाही. उभ्या छायाचित्रात चेहरा बहुतेक वरच्या तिसऱ्या हिश्शात. ऑब्जेक्ट-पोझिशन: ५० टक्के, २० टक्के केलं. इथली टक्केवारी पुन्हा वेगळीच: फोटोच्या उंचीवरचा २० टक्क्यांचा बिंदू घराच्या उंचीवरच्या २० टक्क्यांच्या बिंदूवर बसवतात. शून्य दिलं तर वरची कड वरच्या कडेला, १०० दिलं तर खालची खालच्या. सरसकट २० देऊन बहुतेक चेहरे आले. समूहाच्या चार फोटोंना हाताने वेगळा आकडा दिला, आणि गणपतीच्या एका चित्राला ५० टक्के, ८ टक्के, कारण मुकुट. चोवीसच्या चोवीस फोटो काकांसमोर एकेक करून पास झाले. फेट्याच्या गृहस्थांना दोनदा पाहिलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

साइट चढवली, अजून वेबपत्ता जोडला नाही. आज खंडेनवमी, दुकानात माउंटचा कटर, पट्ट्या, करवत, हातोडी सगळं पुसून मांडून ठेवलेलं. वहिनींनी संगणकही पुसला. मी फायरफॉक्समध्ये एकदा सगळं फिरवून पाहिलं, ठीक. जांभळी नाक्यावर झेंडू घ्यायला गेले तर पाय ठेवायला जागा नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी साडेनऊला पत्ता जोडला. काकांनी फोनला कुंकू लावलं, काचेवर नाही, मागच्या कव्हरवर.

दुपारी पहिली चौकशी आली, कोपरीतून. वंशावळीचं एक उभं चित्र, ६ इंच रुंद, ३६ इंच लांब. नमुना उघडून पाहिला. माझा इंच रुंदीवरून काढलेला, एकूण रुंदी १२, त्यामुळे २८०च्या चौकटीत उंची हजार पिक्सेलच्या जवळ गेली. फोनवर वरचा माउंट दिसतो तेव्हा खालचा दिसत नाही, आणि खाली अर्धा इंच जास्त आहे की नाही हे कोणाला कळणार. इंच दोन्हीकडून काढायला हवा: चौकटीच्या रुंदीचे शंभर भाग भागिले फ्रेमची रुंदी, उंचीचे शंभर भाग भागिले फ्रेमची उंची, दोन्हींतला लहान घ्यायचा. त्यासाठी बाहेरच्या डब्याचा कंटेनर-टाइप इनलाइन-साइजऐवजी (फक्त रुंदी) साइज (रुंदी-उंची दोन्ही) करावा लागेल आणि त्याला स्वतःची उंची द्यावी लागेल, नाहीतर तो या वेळी शून्य उंचीचा होईल. ६० एसव्हीएच (पत्त्याची पट्टी दिसताना उरणाऱ्या उंचीचे ६० टक्के) देऊन बघते. काका म्हणतात, एवढ्या लांब चित्राला खाली अर्धा इंच पुरणार नाही, पाऊण लागेल. "--खाली"ला आता आकाराप्रमाणे तीन किमती. सोमवारी.